खराटा

तिसरा भाग काढायचा की नाही
हे लांबच्या कुठल्याशा शहरात ठरतंय म्हणे,
थंड खोलीत, काचेच्या टेबलाभोवती.
इथे वादी रममध्ये मला कोण विचारतो?
माझं काम एवढंच :
शॉट संपला की खजुरीच्या फांद्यांचा खराटा घ्यायचा
आणि उलट्या पावली चालत
वाळूवरच्या पाऊलखुणा पुसत यायचं.
कारण या ग्रहावर अजून कुणी उतरलेलंच नाही.
अकराव्या टेकलाही नाही.

जुन्या मालिकेत माझा बाप होता. हुवैमिल.
नट उन्हानं कोसळला, दिवस वाया चालला,
तेव्हा कुणीतरी त्याचा पोशाख बापाच्या अंगावर चढवला.
हेल्मेटच्या आत बापानं डोक्याचा रुमाल तसाच ठेवला
आणि दूरच्या शॉटमध्ये
एकटा चालत गेला तांबड्या कड्यापर्यंत,
डावा पाय किंचित ओढत.
लोक म्हणाले, काय अभिनय!
परक्या ग्रहाचं गुरुत्वाकर्षण नुसत्या चालीतून दाखवलं.
लहानपणी उंटानं पाडलं होतं त्याला.
श्रेयनामावलीत बापाचं नाव नाही.
उंटाचंही नाही.

मग बावीस वर्षांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून.
नवी विटी, नवं राज्य.
तोच कडा, तोच कॅप्टन, दात तेवढे जास्त पांढरे.
आणि ते चालणं या वेळी संगणकात केलं,
दोन्ही पाय सारखे पडतात,
जणू वाळू नाहीच खाली.

थुरय्या, माझी मुलगी, कृत्तिकांवरून नाव ठेवलेली,
अकाबाला शिकते.
जुने तिन्ही, नवे दोन्ही, सगळे भाग तिनं पाहिले,
सुट्टीत, माझ्याशेजारी पडून, फोनवर.
म्हणाली, बाबा, आता थांबवायला हवं यांनी.
एका माणसाला किती वेळा जिवंत करायचं?
दर वेळी थोडा कमी माणूस होऊन उठतो तो.
मी म्हटलं, तुझी यंदाची फी
त्याच्या दुसऱ्या मरणातून आली.
ती गप्प झाली. बराच वेळ.
मग म्हणाली, तरीही.

नव्वाफनं तिसऱ्या भागाच्या भरवशावर पिकअप घेतलीय, हप्ते सुरू झाले.
सब्बाहनं टाकून दिलेलं यानाचं दार उचलून आणलं,
शेळ्यांच्या कुंपणाला बसवलं.
रोज दिवेलागणीला एकोणीस शेळ्या
यानात चढतात,
आणि यान कुठेही जात नाही.
त्यांना विचारा तिसऱ्या भागाचं.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही.
दुसऱ्या भागाच्या शेवटच्या दिवशी
सगळे चहाला गेले होते.
मी कड्यापर्यंत चालत गेलो,
बापासारखा, डावा पाय ओढत.
का ते विचारू नका.
परतलो कड्याच्या कातळावरून, लांबून वळसा घालून.
खराटा हातात होता.
पुसलं नाही.

पडद्यावर ते तीन सेकंद दिसतं.
रिकामा ग्रह, आणि कड्याकडे गेलेली एक रांग,
एक पाऊल खोल, एक फरफटलेलं.
थुरय्या सांगते, जगभर वाद चाललाय :
कॅप्टनच्या आधी इथे कोण येऊन गेलं?
परत का नाही आलं?
म्हणे त्या थंड खोलीतही हेच चाललंय,
यावरच तिसरा भाग उभा राहील,
नाहीतर काहीच उरलेलं नाही त्यांच्याकडे.

आता ते उत्तर शोधतील.
पांढऱ्या दातांचं काहीतरी.
त्या पावलांना चेहरा देतील, तो माझ्या बापाचा नसेल,
आणि त्याच्यामागे वाळू झाडायला मला बोलावतील.

विचारलंच कुणी, तर सांगेन, नका काढू.
मग फीची तारीख आठवेल.
मग थुरय्याचं ते तरीही.

खराटा दाराशी टेकून ठेवलाय.
फांद्या झडल्यात, नव्या बांधायला हव्यात.
आज वारा आहे.
उद्या बघू.